आधी चार वर्षांचा हिशेब

नगरपालिकांचे निकाल लागले, गुलाल उधळला गेला, नव्या नगराध्यक्षांनी पदभार घेतला. उपनगराध्यक्षपदासाठी आणि स्वीकृत सदस्यत्वासाठी कोण कोणाला जाऊन मिळाले, तेही आपण पाहिले. या गदारोळात लहान शहरांतल्या चौकाचौकांत एक वाक्य फार सहज बोलले जात आहे आणि त्याची आम्हाला चीड आहे. ‘यांच्यापेक्षा प्रशासकच बरा होता.’ शिकलेसवरलेले लोक हे म्हणतात, निवृत्त अधिकारी म्हणतात, मतदानाच्या दिवशी घराबाहेर न पडलेलेही म्हणतात. पुरावा म्हणून ते बक्षिसांकडे बोट दाखवतात. 17 जुलै 2025 रोजी दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते स्वच्छ सर्वेक्षणाचे पुरस्कार दिले गेले. देशातल्या सर्वोत्तम शहरांसाठी केलेल्या ‘सुपर स्वच्छ लीग’मध्ये विटा, सासवड, देवळाली प्रवरा, पाचगणी, पन्हाळा आणि लोणावळा ही आपली छोटी शहरे होती. या गावांत तेव्हा नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती होता. मग नगरसेवक हवेत कशाला, असा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद चुकीचा तर आहेच, शिवाय तो धोकादायक आहे. एक लाखाखालच्या शहरांमध्ये कराड देशात पहिले आले ते 2020 साली. विटा पहिले आले 2021 साली. त्या दोन्ही वर्षी तिथे निवडून आलेल्या नगरपालिका होत्या. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या या सभागृहांनी ओला-सुका कचरा वेगळा करण्याचे ठराव केले, घंटागाड्यांना मंजुरी दिली, डेपोवर खत तयार करण्यासाठी खर्च मान्य केला आणि मुख्य म्हणजे आपापल्या प्रभागात दारोदारी जाऊन लोकांची नाराजी अंगावर घेतली. कचरा वेगळा न करणाऱ्या घरातून तो उचलायचा नाही, हा निर्णय कागदावर सोपा असतो. त्या घरातली माणसे आपले मतदार असताना तो पाळायला लावणे कठीण असते. ते ज्यांनी केले त्यांच्या कामावर पुढच्या वर्षांची बक्षिसे उभी आहेत. 2022 साली पाचगणी आणि 2023 च्या सर्वेक्षणात सासवड पहिले आले, हेही आधी लागलेल्या सवयीचे फळ आहे. रुळलेली व्यवस्था चालू ठेवल्याबद्दल प्रशासकांचे अभिनंदन जरूर करावे. ती त्यांनी उभी केली, असे मात्र कोणी सांगू नये.

अधिकाऱ्यांचे काम आम्ही कमी लेखत नाही. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होऊ लागले आणि जिथून लोक नाक दाबून जात त्या कचरा डेपोचे पर्यटनस्थळ झाले. बारा-तेरा हजार वस्तीच्या गावाने हे करून दाखवले आणि राज्यभरातले अधिकारी ते पाहायला गेले. पण कोकरे यांच्या पाठीशी वेंगुर्ल्याची नगरपरिषद होती, तिचे ठराव होते आणि गावाची साथ होती. चांगला मुख्याधिकारी आणि जागे सभागृह एकत्र आले की शहर बदलते, हे वेंगुर्ल्याने दाखवले. सभागृहाला कुलूप लावून हे साधते, असे सांगणारे त्या गावाचा अर्धाच अनुभव सांगतात.

आता प्रशासकांच्या काळात नेमके काय झाले ते पाहू. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत 2021 च्या अखेरीस आणि 2022 मध्ये संपली. मतदान झाले 2 डिसेंबर 2025 रोजी, काही ठिकाणी 20 डिसेंबरला. मधली सुमारे चार वर्षे या शहरांत लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारा एकही माणूस नव्हता. अनेक ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते. मुख्याधिकारी म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून तोच मंजूर करायचा. सही करणारा हात एकच. ना सभेची नोटीस, ना विषयपत्रिका, ना चर्चा, ना विरोधाची नोंद. रस्त्यांची कामे निघाली, निविदा उघडल्या, ठेके दिले, मुदतवाढी दिल्या. यातले कोणते काम गरजेचे होते, कोणते ठेकेदाराच्या सोयीचे होते, हे तपासायला सभागृहच नव्हते. काही शहरांत घरपट्टीची चतुर्वार्षिक आकारणीही याच काळात झाली आणि वाढीव बिल हातात घेऊन लोक एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे फिरत राहिले. नगरसेवक असता तर निदान त्याच्या दारात जाऊन भांडता आले असते.

भांडता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. लहान शहरात नगरपालिका हे लोकांच्या सर्वांत जवळचे सरकार असते. जन्माच्या दाखल्यापासून स्मशानातल्या लाकडांपर्यंत तिचाच संबंध येतो. नळाला पाणी आले नाही तर कोणी मंत्रालयात जात नाही, पाणीपुरवठा विभागातल्या माणसाला हुडकतो. गटार तुंबली तर मुकादमाला फोन करतो. तो आला नाही तर नगरसेवकाला गाठतो. ही साखळी चार वर्षे मधूनच तुटलेली होती. ज्यांची वरपर्यंत ओळख होती त्यांची कामे झाली. ज्यांना ओळखीचा एकमेव माणूस आपल्या प्रभागातला नगरसेवक होता, त्यांनी अर्ज केले आणि वाट पाहिली. प्रशासक बरा होता म्हणणाऱ्यांनी झोपडपट्टीत आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत जाऊन हेच वाक्य एकदा म्हणून पाहावे.

हे घडू दिले कोणी? राज्य सरकारने. यात महाविकास आघाडी आणि महायुती दोघेही आले. संविधानाच्या 243-यू या कलमाने नगरपालिकेची मुदत पाच वर्षे ठरवली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न होता, प्रभागरचनेचा वाद होता, हे खरे. पण या सबबींनी चार वर्षे काढता आली कारण कोणालाच घाई नव्हती. अखेर 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावावे लागले आणि तीही मुदत पुढे वाढवून घेतली गेली. ज्यांनी लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका वेळेवर लढवल्या, त्यांना नगरपालिकेची निवडणूक थांबलेली चालली. आमदाराला आपल्या मतदारसंघात दुसरे सत्ताकेंद्र नको असते, हे त्यामागचे साधे कारण आहे. प्रशासकाला आमदार फोनवर सांगू शकतो. सभागृहाला सांगताना चार माणसांना समजवावे लागते.

नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, याचाही खेळखंडोबा याच वृत्तीतून झाला. 2016 साली थेट निवड, 2020 साली ती रद्द, 2022 साली पुन्हा थेट. सत्ता बदलली की कायदा बदलला. शहराच्या कारभाराला काय हवे, याचा विचार एकाही वेळी झाला नाही. प्रत्येक वेळी आपल्या पक्षाला काय सोयीचे, एवढेच पाहिले गेले.

या सगळ्यात ज्यांची कामगिरी खरोखर सांगावी असे लोक मात्र बाजूलाच राहिले. बक्षिसांच्या छायाचित्रांत मंत्री असतात, अधिकारी असतात. पहाटे पाचला बाजारपेठ झाडणारी बाई त्यात नसते. आरोग्य विभागाचे यश हे तिचे आणि घंटागाडीवरच्या पोरांचे यश आहे. डेपोवर उन्हातान्हात प्लास्टिक, काच, चिंध्या वेगळ्या करणाऱ्या बायकांचे आहे. त्यांच्यातले बरेच जण ठेकेदाराकडे आहेत. किमान वेतन कागदावर, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो पण भरला जातो की नाही ते माहीत नाही, हातमोजे आणि गमबूट तपासणीचे पथक येणार असेल तेव्हा. मंजूर आकृतीबंधातली पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि आस्थापना खर्चाचे कारण सांगून ती रिकामीच ठेवली जातात. काम मात्र वाढले. शहर वाढले, हद्द वाढली, कचरा वाढला. तेवढ्याच, किंबहुना कमी माणसांनी देशात पहिला क्रमांक आणायचा आणि पगार मात्र दोन-दोन महिने थकलेला, ही कसली कामगिरी? पुरस्कारासोबत येणाऱ्या रकमेतला वाटा या कामगारांना मिळाला का, हा प्रश्न कोणत्या प्रशासकाला कोणी विचारला? विचारणार कोण होते?

पाणीपुरवठा विभागांचेही तसेच. कराडच्या शेजारच्या मलकापूरने नगरपंचायत असताना चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखवली. प्रत्येक नळाला मीटर, आणि वापर वाढेल तसा चढा दर. कमी वापरणाऱ्याला कमी बिल, उधळणाऱ्याला जास्त. पाणी सतत येते म्हटल्यावर घरोघरी साठवून शिळे म्हणून ओतून देणे थांबले आणि वापर आटोक्यात आला. या कामाचा केंद्र सरकारने गौरव केला, देशभरातून लोक पाहायला आले. पण मीटर बसवा असे लोकांना सांगणे हा राजकीय धोका होता. तो तिथल्या निवडून आलेल्या मंडळींनी पत्करला, बैठका घेतल्या, समजूत काढली. पंधराहून अधिक वर्षे झाली, राज्यातल्या इतर किती नगरपालिकांनी हे केले? बहुतेक ठिकाणी आजही दिवसाआड पाणी, गळक्या जलवाहिन्या आणि टँकर आहेत. प्रशासकांच्या हातात चार वर्षे निर्वेध सत्ता होती. मतांची भीती नव्हती, विरोधक नव्हते. मग त्यांनी मीटर का बसवले नाहीत? कारण बदली होऊन जाणाऱ्या माणसाला वादाचे काम अंगावर घ्यायचे काही कारण नसते. प्रशासक कठोर निर्णय घेतो, हा समज इथेच खोटा ठरतो.

कराडचेच आणखी एक उदाहरण देतो. तिथल्या नगरपालिकेच्या शाळा क्रमांक 3 मध्ये प्रवेशासाठी पालकांची धडपड असते. इंग्रजी शाळांच्या या काळात नगरपालिकेच्या मराठी शाळेत मुलाला जागा मिळावी म्हणून लोक खटपट करतात, ही छोट्या शहराच्या शिक्षण विभागाची कामगिरी कोणत्याही चषकाहून मोठी आहे. याच कराडात पी. डी. पाटील यांनी सुमारे चार दशके नगराध्यक्षपद सांभाळले आणि पाण्यापासून गटारांपर्यंतच्या योजनांचा पाया घातला. 1855 साली स्थापन झालेल्या या नगरपालिकेचे आजचे नाव त्या दीर्घ परंपरेवर उभे आहे. शहर एका सर्वेक्षणात घडत नाही.

आता नव्या सभागृहांकडे वळू. त्यांच्याबद्दल आम्हाला भाबडी आशा नाही. नगरसेवक टक्केवारी घेतात, ठेके सोयऱ्याधायऱ्यांना देतात, अतिक्रमणे पाठीशी घालतात, हे लोक उगीच म्हणत नाहीत. प्रशासक बरा वाटावा इतके वाईट नगरसेवक या राज्याने पाहिले आहेत. पण वाईट नगरसेवक पाच वर्षांनी घरी बसवता येतो. प्रशासकाला घरी बसवण्याचा अधिकार मतदाराला कधीच नव्हता. म्हणून निवडून आलेल्यांना आमचे सांगणे थेट आहे. आधीच्या घंटागाड्या पुसून त्यांवर आपली नावे रंगवू नका. चालू असलेली कचरा वर्गीकरणाची व्यवस्था आपल्या माणसाला ठेका देण्यासाठी मोडू नका. चांगले काम करणाऱ्या स्वच्छता निरीक्षकाची बदली मागू नका. आणि कोनशिला बसवण्याआधी चार वर्षांचा हिशेब मागा.

हिशेब म्हणजे प्रत्येक विभागाचा. प्रशासकीय ठराव किती झाले आणि कोणते, कोणत्या कामाला किती मुदतवाढ दिली, वित्त आयोगाचा पाण्यासाठी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवलेला पैसा कुठे खर्च झाला, किती तसाच पडून राहिला, करवसुली कोणत्या प्रभागात थकली आणि कोणत्या बड्या थकबाकीदाराला हात लावला नाही, कंत्राटी कामगारांचे वेतन कोणत्या तारखांना झाले. हे सगळे दप्तरात आहे. ते पहिल्या सर्वसाधारण सभेच्या पटलावर यावे आणि नगरपालिकेच्या फलकावर मराठीत लावले जावे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार यातली बरीच माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करणे बंधनकारकच आहे. जे नगराध्यक्ष हे करणार नाहीत, त्यांना त्या चार वर्षांतल्या व्यवहारांत आपलेही हितसंबंध सांभाळायचे आहेत असेच लोक समजतील, आणि ते समजणे योग्य असेल.

राज्य सरकारनेही रिकामी पदे भरण्याची परवानगी आता अडवू नये. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे मिळणाऱ्या नेमणुका वेळेत द्याव्यात. पुरस्कारप्राप्त शहरांच्या नावाने जाहिराती करणाऱ्यांनी त्या शहरांना माणसे द्यावीत.

मतदारांनो, सर्वसाधारण सभा तुमच्यासाठी खुली असते. पुढच्या सभेची तारीख विचारून घ्या, जाऊन बसा, आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाने हिशेब मागितला की नाही ते स्वतः ऐका.