काचेच्या कपाटातील ठेव

व्यापारी घरात कोणतीही नवी वस्तू आली की दोन प्रश्न हटकून विचारले जातात : कितीला घेतली, आणि उद्या विकायची झाल्यास किती येतील? बहुतेक वस्तूंना हे प्रश्न पुरेसे असतात. काही वस्तूंपुढे मात्र ते निरुत्तर होतात. अशा वस्तूंचे मोल ताळेबंदात कोणत्या बाजूला धरावे, हे मुरलेल्या मुनीमजींनाही सांगता येणार नाही.

सांगलीत हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबाच्या दिवाणखान्यात काचेचे एक लहानसे कपाट आहे. त्यात चांदीची भांडी नाहीत. लाकूड, माती आणि कागदाचा लगदा यांपासून घडविलेले वीस-बावीस पशू त्यात दाटीवाटीने उभे आहेत. घरची कन्या पदव्युत्तर शिक्षणासाठी दोन वर्षे जपानमधील क्योतो शहरात होती. तिच्या शिक्षणासाठी वडिलांनी मुदतपूर्व मोडलेल्या ठेवीचा हिशेब अजूनही घरात निघतो. ‘त्या ठेवीचे व्याज म्हणजे हे प्राणिसंग्रहालय’, असा आईचा टोमणाही अधूनमधून ऐकू येतो.

आरंभीचे दिवस सोपे नव्हते. साध्या दिसणाऱ्या सूपातही माशांचा अर्क असे. त्यामुळे खोलीवरचा वरणभात हाच आधार. भाषा अर्धवट, थंडी कडक. अशा एका रविवारी ती नाराला गेली. तेथे हजाराहून अधिक हरणे उद्यानात आणि रस्त्यांवर निर्भयपणे हिंडतात. कासुगा देवस्थानाची देवता शुभ्र हरणावर बसून आली, या श्रद्धेमुळे शतकानुशतके त्यांना अभय मिळाले. १९५७ साली त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जाही लाभला. कोंडा आणि पीठ यांच्या बिनसाखरेच्या चकत्या विकत घेऊन लोक त्यांना भरवितात. तोंडात भविष्याची चिठ्ठी धरलेले चिमुकले लाकडी हरीण तिने त्या दिवशी घेतले. संग्रहातील ती पहिली नोंद.

नोंद हा शब्द येथे नेमका आहे. वडिलांच्या रोजकीर्दीप्रमाणे तिने एक वही घातली होती. तारीख, ठिकाण, किंमत, सोबत कोण होते आणि वस्तू कशाची बनली आहे, असे पाच रकाने. परीक्षेपूर्वी ती कितानो तेनमानगू येथे गेली. विद्येची देवता मानल्या गेलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानाचे ते देवस्थान. तेथील बसलेल्या बैलाच्या मूर्तीच्या मस्तकावरून हात फिरविण्यासाठी विद्यार्थ्यांची रांग लागते. नवस लिहिण्याच्या ज्या लाकडी पाट्या तेथे टांगतात, त्यांना ‘एमा’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘चित्रातील घोडा’. प्राचीन काळी देवाला जिवंत घोडा अर्पण करीत. पुढे लाकडाचा घोडा आला आणि अखेरीस घोड्याचे चित्र. जिवंत जनावराची जागा चित्राने घेतली, ही गोष्ट तिने घरी पत्रातून विस्ताराने कळविली होती.

पाचव्या रकान्याची कसोटी लागली ती तोजी मंदिराच्या आवारात. तेथे दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. एका फळीवर अंगठ्याएवढा ससा होता. किमोनोला खिसे नसत. म्हणून कमरपट्ट्याला बटवा अडकविण्यासाठी असे कोरीव ‘नेत्सुके’ वापरीत. वडिलांच्या साठीसाठी यापेक्षा सुबक भेट सापडली नसती. पैसे मोजता मोजता तिने सवयीने विचारले, कशाचा आहे? विक्रेत्याने अभिमानाने सांगितले, हस्तिदंताचा. तिने ससा फळीवर परत ठेवला. आशियाई हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला १९७५ पासून बंदी आहे आणि आफ्रिकी हत्तीच्या बाबतीत तशी बंदी १९८९ मध्ये ठरली, हे तिला नंतर कळले. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अडविले असते, हेही नंतर कळले. परंतु त्या क्षणी कायदा आठवला नव्हता; आठवला तो हत्ती. वहीत त्या दिवशी नोंद आहे : ‘ससा. घेतला नाही.’ किमतीचा रकाना कोरा आहे.

कपाटाच्या मधल्या खणात लाल रंगाची गाय आहे. कागदाच्या लगद्याची, मान दोऱ्याला टांगलेली, त्यामुळे बोट लावताच डोलणारी. ‘आकाबेको’ हे तिचे नाव. आइझू प्रांतात मंदिराच्या बांधकामासाठी अवजड लाकडे वाहताना इतर बैल थकले, तेव्हा लाल गुरे मदतीस धावली, अशी तेथील दंतकथा. देवीच्या साथीपासून मुलांचे रक्षण होते या समजुतीने ती घरोघरी ठेवीत. दूरध्वनीवर आजी दर वेळी विचारी, ‘बाळ, तिकडे गाईला घास घालतेस ना?’ क्योतोच्या गल्लीत गाय कोठून येणार? ही अडचण ऐकून आइझूकडील वर्गमैत्रिणीने सुट्टीहून येताना ही गाय आणली. ती आजीला पाठवावी म्हणून खोके बांधून तयार होते. टपालकचेरीत जाण्यापूर्वीच घरून निरोप आला. आजी गेल्या होत्या.

परीक्षा दोन दिवसांवर होती. पोहोचणे शक्य नव्हते. ती आगगाडीने तासाभरावरच्या कोबे शहरी गेली. मोत्यांच्या व्यापारानिमित्त तेथे स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांमुळे १९८५ मध्ये कितानो भागात संगमरवरी जैन मंदिर उभे राहिले आहे. ती बराच वेळ तेथे बसून राहिली. एका अनोळखी गुजराती काकूंनी काही न विचारता तिला घरी नेऊन जेवू घातले. वहीत त्या दिवशी वस्तूची नोंद नाही. ‘सोबत कोण’ या रकान्यात तेवढे ‘काकू’ असे लिहिलेले आहे.

खोके ती परत येतानाच सामानातून आले. वडिलांनी ते उघडले, गाय हातात घेतली आणि किंमत विचारली नाही. आजीच्या जपाच्या माळेशेजारी काही महिने ती राहिली. मग कपाट आले.

यंदा धाकटा चुलतभाऊ शिक्षणासाठी जर्मनीला निघाला आहे. तेथून काय आणावे, असे त्याने विचारले, तेव्हा ताईने त्याला कोरी वही दिली. पाच रकाने आखून दिले. पाचवा रकाना पैसे देण्यापूर्वी भरायचा, एवढी एकच अट घातली. वस्तू थोड्या आणल्या तरी चालतील. पण नोंदीवाचून आणलेली वस्तू हा दहा वर्षांनी निव्वळ पडून राहिलेला माल ठरतो. नोंद असेल, तर ती ठेव होते.

तो निघाला त्या सकाळी घरात माणसांची गर्दी होती. जाता जाता त्याने कपाटाचे दार सरकवून लाल गाईच्या मानेला हळूच बोट लावले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती मान डोलत होती.