अर्धशक्तीचा दवाखाना

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांचा दिवस कसा जातो, हे निराळे सांगण्याची गरज नाही. सकाळी स्वतःचा दवाखाना, दुपारी कुणाच्या तरी इस्पितळात हजेरी, सायंकाळी पुन्हा दवाखाना आणि आठवड्यातून तीन रात्री जागरणाची ड्यूटी. रुग्णास दिनचर्या सांगणारा वैद्य स्वतः मात्र तिच्यापासून वंचित! आम्हीही पंधरा वर्षे याच चक्रात होतो.

एके सायंकाळी एका वृद्ध शेतकऱ्याची नाडी पाहत असता त्यांनी शांतपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, म्या काय सांगतलं ते आयकलं काय तुमी?" आम्ही ऐकले नव्हते. त्याच आठवड्यात स्वतःचा रक्तदाब मोजला, तोही वाढलेला निघाला.

चरकाचार्यांनी निदानस्थानात शोषाची जी चार कारणे दिली आहेत, त्यांत पहिले 'साहस', म्हणजे स्वतःच्या बळापलीकडचे कर्म. वाग्भटाचार्यांनी तर बलवान पुरुषालाही थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करण्यास सांगितले. इतर ऋतूंत त्याहूनही कमी. व्यायामाचा हा दंडक उपजीविकेच्या श्रमास का लावू नये? मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा तरी या उपदेशाचे मर्म वऱ्हाडी माणसास पटावे. एरवी निषिद्ध असलेली दुपारची झोपही शास्त्राने ग्रीष्मात मान्य केली आहे.

रात्रपाळी आणि इस्पितळातील हजेरी सोडून आम्हास तीन वर्षे झाली. आता अमरावतीस सकाळी चार तास दवाखाना. मंगळवारी व शुक्रवारी मात्र बडनेऱ्याहून गाडीने अकोल्यास जातो आणि एका स्नेह्याच्या औषधी दुकानात तीन तास बसतो. मिळकत एक-तृतीयांशाने घटली. घराच्या माडीचे बांधकाम थांबले. मुलीचे शिक्षण चालू असताना हा निर्णय घरात सहजासहजी मान्य झाला नाही, हेही प्रांजळपणे सांगतो. परंतु आज नाडीवर बोटे असतात, तेव्हा मनही तेथेच असते. परतीच्या गाडीस अवकाश असला, की कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात फेरी मारतो. पुस्तकात वाचलेली वनस्पती हाताने चुरगाळून तिचा गंध घेण्याचा आनंद विद्यार्थिदशेनंतर प्रथमच मिळाला. स्नेह्यांचाही लाभ झाला. ठरलेल्या दिवशी रुग्ण येतात, अनुपान नीट समजून घेतात आणि औषध त्याच दुकानातून नेतात.

मर्यादित काळ, पण मनःपूर्वक केलेल्या कर्माचा आदर्श पाहावयाचा, तर आपल्या शेजारचे शेगाव पुरेसे आहे. श्री गजानन महाराज संस्थानातील सेवेकरी खेड्यापाड्यांतून पाळीने येतात, झाडलोट करतात, पंगती वाढतात आणि पाळी संपली की आपल्या शेताकडे परततात. चेहऱ्यावर शीण नसतो, कारण वाटा ठरलेला असतो. याउलट, जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला मार्गावर पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन जागतिक विक्रम झाला. त्याचा अभिमान आहेच. मात्र तो रस्ता कुणा एकाच्या दमावर झाला नाही. आम्ही वैद्य मात्र एकट्याच्या दमावर असा विक्रम रोज करू पाहतो.

यावर आक्षेप येईल, की हे पोट भरलेल्यांचे तत्त्वज्ञान आहे. आक्षेप खोटा नाही. तुटपुंज्या मानधनावर अर्धवेळ राबणाऱ्या नवपदवीधरास काम कमी करा म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. सक्तीचे अर्धे काम आणि स्वेच्छेचे अर्धे काम यांत मोठे अंतर आहे. म्हणूनच चाळिशी ओलांडलेल्या, बऱ्यापैकी स्थिरावलेल्या बंधूंनी प्रथम हात आखडावा, असे आम्हास वाटते. सायंकाळचा दवाखाना तरुण वैद्यास योग्य वाट्यावर द्यावा. एकाच जागेत दोघांनी पाळीने बसावे. औषधी दुकानदारांनीही आठवड्यातून दोन दिवस एखाद्या वैद्यास बैठक द्यावी आणि स्वतः दुपारचे दोन तास दुकान बंद ठेवण्याचा विचार करावा. औषधाविना दोन तास अडेल असा रुग्ण आपल्या दुकानी क्वचितच येतो.

असो. तो वृद्ध शेतकरी अद्याप येतो. त्याचे बोलणे संपेपर्यंत आम्ही लेखणी उचलत नाही. बंधूंनी विचार करावा, ही नम्र विनंती.