हार्ट पंप हृदयाला वाचवतो, मग पोटात रक्तस्राव का होतो?

नागपुरात वर्धा रोडवरची वाहतूक पोलिसांनी थांबवली आणि सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स विमानतळाकडे गेली, की थोड्याच वेळात 'ग्रीन कॉरिडॉर'चे व्हिडिओ आपल्या मोबाईलवर येतात. कुणाच्या तरी घरच्यांनी दुःखातही अवयवदानाला होकार दिलेला असतो आणि दुसरीकडे कुणीतरी त्या हृदयाची वाट बघत असतं. अशा वेळी एखादा मित्र मला हमखास विचारतो, "भाऊ, आता तर हृदयाची मशीन निघाली ना? मग थांबायचं कशाला?"

मशीन निघाली आहे, हे खरं. पण तिच्यात एक अडचण आहे आणि ती सॉफ्टवेअर अपडेटने जाणारी नाही. आज तीच समजून घेऊ.

ही मशीन नेमकी काय आहे?

तिचं नाव एलव्हीएडी. हृदयाचा डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो. हार्ट फेल्युअरमध्ये तो थकतो, तेव्हा त्याच्या टोकाला एक छोटा पंप बसवतात. पंप कप्प्यातलं रक्त ओढून थेट महाधमनीत सोडतो. पोटाच्या त्वचेतून एक केबल बाहेर येते आणि ती कमरेच्या कंट्रोलरला व बॅटऱ्यांना जोडलेली असते. म्हणजे हृदय तसंच राहतं, पंप त्याला मदत करतो.

एक गंमत बघा. हा पंप ठोके देत नाही, सतत रक्त ढकलत राहतो. त्यामुळे अनेक रुग्णांची नाडी हाताला लागत नाही. तुमची स्मार्टवॉच त्यांच्या मनगटावर बांधली तर रीडिंग चुकेल किंवा येणारच नाही. माणूस मात्र समोर बसून तुमच्याशी गप्पा मारत असेल!

पंप छातीत, मग रक्तस्राव आतड्यात का?

घरातला सीलिंग फॅन मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे घेतो. 'हार्टमेट २' या जुन्या पंपातली फिरकी मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फिरायची. रक्त तिच्यातून जाताना प्रचंड ओढलं जातं.

आपल्या रक्तात व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रोटीन असतं. जखम झाली की प्लेटलेट्सना तिथे चिकटवून ठेवायचं काम त्याचं. ते लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं असतं. पंपातल्या ओढीने गुंडा उलगडतो आणि रक्तातलंच एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. लांब धागे सगळ्यात जास्त कामाचे, नेमके तेच तुटतात. चिकटपट्टी कमजोर झाली!

दुसरं म्हणजे, नाडीचा दाब कमी झाला आणि हे प्रोटीन घटलं, की आतड्याच्या अस्तरात नाजूक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या तयार होतात. त्या सहज झिरपतात.

तिसरं, पंपात गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला रक्त पातळ करणारी औषधं घ्यावीच लागतात. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पोटात रक्त जायला लागतं.

ही गोष्ट अगदी नवी नाही. १९५८ मध्येच एडवर्ड हाइड या अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलं होतं, की हृदयाची महाधमनी झडप अरुंद झालेल्या काही रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो. अरुंद झडपेतूनही रक्त असंच ओढाताण होत जातं. पंपाने तोच दोष नव्याने आणला.

हार्डवेअर बदललं, फरक पडला का?

पडला, पण पूर्ण नाही. 'हार्टमेट ३'मध्ये फिरकी चुंबकाच्या जोरावर तरंगते, कुठे घासत नाही. रक्ताला जायला जागा जास्त आहे, वेगही कमी आहे. दोन सेकंदांच्या अंतराने पंप आपला वेग कमी-जास्त करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,०२८ रुग्णांच्या मोमेंटम-३ अभ्यासात दोन वर्षांत पोटातला रक्तस्राव जुन्या पंपात साधारण ३१ टक्के रुग्णांना झाला, नव्यात साधारण २५ टक्के रुग्णांना. म्हणजे चांगल्या पंपातही चारातला एक.

पुढची सुधारणा मात्र पंपात झाली नाही, गोळ्यांच्या डबीत झाली. या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत वर्षानुवर्षं ॲस्पिरिनही दिली जायची. ती खरंच लागते का? २०२३ च्या एरीज अभ्यासात ६२८ रुग्णांपैकी निम्म्यांना ॲस्पिरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. ॲस्पिरिन नसलेल्यांत मोठा रक्तस्राव ३४ टक्क्यांनी कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. हा निष्कर्ष 'हार्टमेट ३'पुरता आहे. त्यामुळे लेख वाचून कुणीही आपली गोळी स्वतः बंद करू नका.

मग नागपूरकरांना याचं काय?

आपल्याकडे हे पंप मोजक्याच मोठ्या केंद्रांत बसवतात. समजा विदर्भातला एखादा रुग्ण मुंबईत किंवा चेन्नईत पंप बसवून घरी आला. रात्री पोटात रक्तस्राव सुरू झाला, तर पहिला दवाखाना गल्लीजवळचाच असणार. मुंबई इथून रेल्वेने आठशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे नाडी लागत नाही म्हणून गोंधळ उडू शकतो. एमआरआय या रुग्णांचा करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी फार लोकांना माहीत नसते. रक्तस्राव झाला की रक्त चढवावं लागतं. दुसऱ्यांचं रक्त चढलं की शरीरात अँटिबॉडीज तयार होऊ शकतात. मग पुढे जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. म्हणजे प्रत्यारोपणापर्यंत तग धरायला बसवलेला पंपच प्रत्यारोपण लांबवू शकतो. वर्धा रोडवरच्या त्या ॲम्ब्युलन्सची गरज म्हणूनच संपलेली नाही.

आयआयटी कानपूर २०२२ पासून 'हृदयंत्र' प्रकल्पात भारतीय पंपावर काम करतंय. तो आला की बातम्या किमतीच्या येतील. किंमत महत्त्वाची आहेच, पण माझा पहिला प्रश्न वेगळा असेल : हा पंप रक्ताला किती जपतो? आणि दुसरा : बसवल्यानंतर गावी परतलेल्या रुग्णाकडे कोण बघणार?

घरात असा रुग्ण असेल तर

- शौच डांबरासारखी काळी, चिकट झाली, अचानक थकवा किंवा चक्कर आली, तर वाट बघू नका. पंप बसवलेल्या केंद्राला लगेच फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.
- अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणून देऊ नका. अशा अनेक गोळ्या रक्तस्राव वाढवतात.
- रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआर टेस्ट ठरलेल्या दिवशी करा. तिचा रिमाइंडर तुमच्या फोनमध्ये लावा.
- पंपाचं नाव, केंद्राचा नंबर आणि औषधांची यादी घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता फोनमधली तीच नोट सगळ्यात आधी लागेल.