पॅडल नंतर, आधी बूट

पिकलबॉल शिकायला निघालेला माणूस सगळ्यात आधी पॅडलच्या मागे लागतो. कार्बनचं घ्यावं की फायबरचं, वजन किती असावं, मूठ केवढी हवी, यावर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर खल होतो. आठ-दहा हजार मोजून पॅडल घरी येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गडी कोर्टवर उतरतो, तेव्हा पायात मात्र रोज फिरायला जायचे बूट असतात. हलके, मऊ, टाचेखाली जाड फोम असलेले. बागेतल्या फेऱ्यांना ते उत्तमच, पण पिकलबॉलच्या कोर्टवर त्यांच्याइतकी चुकीची वस्तू दुसरी नाही.

हे बूट का चालत नाहीत, याचं उत्तर या खेळाच्या घडणीत आहे. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या मित्रांनी घरच्या मुलांसाठी बॅडमिंटनचा डाव मांडायचं ठरवलं. शटलकॉक सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन त्यांनी नवा खेळ सुरू केला, पुढे बार्नी मॅक्कॅलम हे तिसरे मित्र त्यात आले. जाळी खाली आली, पण कोर्ट बॅडमिंटनचंच राहिलं: ४४ फूट लांब, २० फूट रुंद. ज्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १९व्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत आकाराला आले आणि ज्याला एके काळी ‘पूना’ म्हणूनच ओळखत, त्याच खेळाचं हे कोर्ट. भारतात पिकलबॉल आणला तोही एका मुंबईकराने. सुनील वालावलकर यांनी १९९९ मध्ये कॅनडात हा खेळ पाहिला आणि २००८ मध्ये इथे अखिल भारतीय संघटना उभी केली. आज मुंबई-पुण्यात गच्च्यांवर, बंद पडलेल्या टेनिस कोर्टवर, मॉलच्या आवारात निळी-हिरवी कोर्टं दिसतात, त्याची मुळं इथवर जातात.

कोर्ट लहान आहे म्हणून खेळ सोपा, असा एक समज आहे आणि तो घातक आहे. जाळीपासून दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्याला ‘किचन’ म्हणतात, आणि तिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही. त्यामुळे दुहेरीत चौघेही बराच वेळ किचनच्या रेषेवर गुडघे वाकवून, समोरासमोर उभे असतात. तिथून सरळ धावण्याचे प्रसंग थोडे. डावीकडे एक पाऊल, उजवीकडे दीड पाऊल, झपकन पुढे, लगेच मागे, आणि प्रत्येक वेळी करकचून थांबणं. पायाला खरा मार बसतो तो या थांबण्यात.

धावण्याचा बूट बनतो तो सरळ पुढे जाणाऱ्या पावलासाठी. टाच टेकते, पाऊल लोळत चवड्यावर येतं आणि शरीर पुढे ढकललं जातं. म्हणून त्याची टाच उंच, फोम मऊ आणि वरचं कापड जाळीसारखं विरळ असतं. हाच बूट घालून माणूस आडवा झेपावला की पाऊल बुटाच्या आतल्या आत बाहेरच्या कडेकडे सरकतं. मऊ फोम त्या बाजूला दबतो, उंच टाच तरफेसारखी कलते आणि घोटा आतल्या बाजूला मुरगळतो. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे अस्थिबंध ताणले जातात, कधी फाटतात. वीस वर्षांचा पोरगा पंधरा दिवसांत पुन्हा उभा राहील. साठीच्या काकांना मात्र त्या एका पावलाची किंमत कित्येक महिने मोजावी लागते.

आणि हा खेळ खेळणाऱ्यांत काका-काकूही बरेच आहेत. अमेरिकेत ६० वर्षांवरच्या खेळाडूंच्या दुखापतींचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०१० ते २०१९ या काळातल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतल्या नोंदी तपासल्या होत्या. पिकलबॉलच्या दुखापतींपैकी ६० टक्क्यांहून अधिक दुखापती घसरून, अडखळून किंवा पडून झालेल्या होत्या. मुरगळणं-लचकणं आणि हाड मोडणं हे त्यातले मुख्य प्रकार. या सगळ्याचा दोष बुटांवर टाकता येणार नाही. उंचावरून गेलेल्या चेंडूमागे पाठमोरं धावणं, अंग गरम न करता खेळायला उतरणं, उतारवयात कमी झालेला तोल, ही कारणंही आहेतच. पण तोल आणि वय दुकानात बदलून मिळत नाही. बूट मिळतो. जी गोष्ट आपल्या हातात आहे, तीच आपण शेवटी टाकावी, हे पटणारं नाही.

याबाबतीत कोर्ट भाड्याने देणाऱ्यांकडेही बोट दाखवायला हवं. बहुतेक कोर्टांच्या दारावर पाटी असते: ‘नॉन-मार्किंग शूज अनिवार्य’. चांगला नियम आहे, पण तो फरशी वाचवण्यासाठी आहे. नॉन-मार्किंग याचा अर्थ तळव्याचं रबर जमिनीवर काळे ओरखडे उठवत नाही, इतकाच. त्या बुटाने घोटा सांभाळला जाईल की नाही, याच्याशी त्या शब्दाचा काडीचा संबंध नाही. ऑफिसचा गोंडस पांढरा स्नीकरही नॉन-मार्किंग असू शकतो. नवखा खेळाडू ती पाटी वाचतो, आपल्या बुटाकडे बघतो, ‘चालतंय’ म्हणतो आणि आत जातो. तासाला पाचशे-हजार रुपये घेणाऱ्याने कोर्टाच्या पृष्ठभागाइतकीच काळजी त्यावर धावणाऱ्या पायांची करायला काय हरकत आहे?

मग कुठले बूट घ्यायचे? आधी कोर्ट बघायचं. पृष्ठभाग बदलला की पायातलंही बदलावं लागतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. कबड्डी मातीत होती तोवर खेळाडू अनवाणी खेळले, मॅटवर आली तसे त्यांच्या पायात बूट आले. पिकलबॉलही दोन तऱ्हांच्या जमिनींवर खेळला जातो. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये, लाकडी किंवा सिंथेटिक फ्लोअरवर खेळणाऱ्याला बॅडमिंटनचा बूट छान चालतो. त्याचा तळवा कच्च्या रबराच्या रंगाचा, पिवळसर-तपकिरी आणि जरा चिकट असतो, तो गुळगुळीत जमीन धरून ठेवतो. पण हाच बूट घेऊन गच्चीवरच्या खरखरीत अ‍ॅक्रिलिक कोर्टवर रोज खेळलं, तर ते मऊ रबर खोडरबरासारखं झिजतं. काही महिन्यांत चवड्याखालच्या रेघा नाहीशा होतात आणि बूट गुळगुळीत होऊन उलट घसरायला लागतो. उघड्यावरच्या कोर्टसाठी टेनिसचा हार्ड कोर्टचा बूट घ्यावा. त्याचं रबर कडक आणि जाड, आणि तळव्यावर नागमोडी, माशाच्या काट्यासारखी नक्षी असते. त्या नक्षीमुळे पाऊल कुठल्याही दिशेने थांबतं आणि हवं तेव्हा वळतंही.

इथे पकडीबद्दल एक सांगायला हवं, कारण ‘जितकी पकड जास्त तितकं चांगलं’ असं सर्रास मानलं जातं. जपानच्या कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी बूट बनवायला सुरुवात केली तेव्हा बास्केटबॉलचे खेळाडू त्यांच्याकडे एकच मागणी करत होते: झपकन थांबता आलं पाहिजे. एके दिवशी जेवताना काकडीच्या कोशिंबिरीत त्यांना ऑक्टोपसच्या तुकड्याचे चूषक दिसले आणि त्यांनी तशाच खळग्यांचा तळवा तयार केला. पहिल्या बुटाची पकड इतकी घट्ट झाली की खेळाडू तोंडावर पडू लागले. मग खळगे उथळ करावे लागले. ओनित्सुकांची ती कंपनी आज असिक्स नावाने ओळखली जाते. पाऊल जमिनीला नुसतं चिकटून राहिलं तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चांगला कोर्टचा बूट धरतोही आणि सोडतोही.

दुकानात गेल्यावर बुटावर लिहिलेल्या शब्दांपेक्षा हातांवर विश्वास ठेवावा. बूट एका हातात टाचेशी आणि दुसऱ्या हातात चवड्याशी धरून ओला टॉवेल पिळतात तसा पिळून बघा. सहज पिळला गेला तर खाली ठेवा. मग तो वाकवा. चवड्याच्या सांध्याशी, जिथे बोटं वाकतात तिथेच तो वाकला पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर पावलाच्या कमानीला त्यात आधार नाही. टाचेच्या मागचा भाग अंगठ्याने दाबा, तो कडक लागला पाहिजे, कारण टाच जागेवर धरून ठेवणारी वाटी तीच. नंतर बूट उलटा करून चवड्याच्या बाहेरची कड बघा: तळव्याचं रबर तिथे जरा बाहेर आलेलं आणि वर चढलेलं असावं. आडवं थांबताना पाऊल कलंडू नये म्हणून दिलेला तो टेकू आहे. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. विक्रेता जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

माप संध्याकाळी द्यावं, दिवसभराच्या वावरण्याने पाय थोडे सुजलेले असतात. खेळताना घालायचे तेच जाड मोजे घालून जावं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, नाहीतर प्रत्येक थांबण्याबरोबर बोटं पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. आपल्याकडे चपलांत आणि अनवाणी वाढलेल्या पिढीचे चवडे रुंद असतात. त्यांना नेहमीच्या रुंदीचा बूट करंगळीशी चावतो, म्हणून ते सरळ एक नंबर मोठा घेतात. मग बूट लांबीला सैल होतो, टाच आत उचलली जाते आणि मुळातला आधारच जातो. काही कंपन्या रुंद पायांसाठी तेच माप वेगळ्या रुंदीत काढतात. दुकानात ते मागावं, नसेल तर मागवून घ्यावं. आणि लेस नीट, शेवटच्या भोकापर्यंत बांधावी. आयत्या गाठीत पाय सरकवून खेळायला उतरणाऱ्यांनी कितीही महागाचा बूट घेतला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न पैशांशी येऊन थांबतो. ‘पिकलबॉल शूज’ असं छापलेले बूट आता बाजारात आहेत, त्यातले काही चांगलेही आहेत. पण त्या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही. घडणीत त्यांचं साम्य आहे ते टेनिसच्या बुटाशीच. भारतात बॅडमिंटनचे आणि टेनिसचे सुरुवातीचे बरे बूट दोन-तीन हजारांपासून मिळतात. पॅडलच्या किमतीतून तेवढे बाजूला काढले तरी भागतं. आठवड्यातून चार-पाच दिवस खेळणाऱ्याने मात्र जास्त टिकाऊ रबराचा बूट घ्यावा. अमेरिकेत काही कंपन्या टेनिसच्या अशा बुटांच्या तळव्याला सहा महिन्यांची हमी देतात, यावरून हार्ड कोर्ट बुटांना किती झपाट्याने खातं याची कल्पना येते. सर्व्हिस करताना ज्यांचा मागचा पाय फरफटतो, त्यांनी अंगठ्यापाशी रबर वर चढलेलं आहे ना, ते आवर्जून बघावं. बूट सगळ्यात आधी तिथेच फाटतो.

आणि आपली हवा. मुंबई, कोकण, गोव्यातल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचे तळवे नुसते कपाटात पडूनही खराब होतात. हवेतली आर्द्रता त्यांना आतून पोखरते, आणि तीन-चार वर्षांनी बाहेर काढलेल्या बुटाचा तळवा पहिल्याच सर्व्हिसला चुरा होऊन पडतो. म्हणून सेलमध्ये एकदम दोन जोड घेऊन एक साठवून ठेवू नये. खेळून आल्यावर बूट पिशवीत कोंबायचे नाहीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवायचे, कडक उन्हात तर मुळीच नाही. तळव्याची कड सुटू लागली की कोपऱ्यावरच्या मोचीदादांकडून वेळीच टाका मारून घ्यावा, जोड आणखी काही महिने जातो. पण आतला फोम बसला असेल, बूट टेबलावर ठेवल्यावर एका बाजूला कलत असेल, तर टाके मारून उपयोग नाही. तो बूट बाजारात भाजी आणायला वापरावा, कोर्टवर नको.

कोर्टचे बूट घरून घालूनही जाऊ नयेत. रस्त्यावरची धूळ आणि बारीक खडी तळव्याच्या नक्षीत बसते, पकड जाते आणि कोर्टही खराब होतं. पिशवीत वेगळे न्यावेत, बाकावर बसून बदलावेत. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या किंवा नुसत्या ओल्या अ‍ॅक्रिलिकवर मात्र जगातला कुठलाच बूट भरवशाचा नाही. त्या दिवशी खेळ बंद ठेवावा.

कोर्ट चालवणाऱ्यांना आणि सोसायट्यांच्या क्रीडा समित्यांना एवढीच विनंती: दारावरच्या पाटीत एक ओळ वाढवा. ‘धावण्याचे बूट चालणार नाहीत, बॅडमिंटन किंवा टेनिसचे बूट घालूनच कोर्टवर यावे.’ भाड्याने पॅडल ठेवता तसे चार-सहा मापांचे बूटही ठेवता येतील. आणि उद्या सकाळी खेळायला निघणाऱ्यांनी आज रात्रीच आपले बूट उलटे करून बघावेत. बाहेरची कड झिजलेली असेल, चवड्याखालची नक्षी पुसली गेली असेल, तर उद्याचा डाव सोडा आणि आधी दुकान गाठा.