साधं डाउनलोडच तर आहे!

मंडळी, आमच्या धंद्यात काही वाक्यं अशी आहेत की नुसती ऐकली तरी पोटात गोळा येतो. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे एक. "फक्त एक बटन वाढवायचंय" हे दुसरं. पण या सगळ्यांचा बाप म्हणजे, "अरे, साधं डाउनलोडच तर आहे!"

हे वाक्य मीटिंगमध्ये साधारण शेवटच्या पाच मिनिटांत येतं. सगळ्यांना जेवायला जायची घाई असते. स्क्रीनवर एक टेबल आहे, त्याच्या कोपऱ्यात डाउनलोडचं बटन हवंय. लीड म्हणतो, अर्धा दिवस. मॅनेजर म्हणतो, अर्धा दिवस कशाला लागतो? आणि मग ते काम टीममधल्या सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो पोरगा मी होतो.

मी काय केलं सांगू? गूगल केलं, पहिलं उत्तर उचललं, चिकटवलं. सर्व्हलेटमध्ये फाइल उघडली, पूर्ण वाचून एका बाइट अ‍ॅरेमध्ये भरली, कंटेंट-टाइप आणि कंटेंट-डिस्पोझिशन हे दोन हेडर लावले आणि सगळा अ‍ॅरे आउटपुट स्ट्रीममध्ये ओतला. बटन दाबलं, फाइल आली. टेस्टरने बटन दाबलं, फाइल आली. तिकीट बंद. लीड म्हणाला, "बघ, झालं की नाही अर्ध्या दिवसात!" मी पण खूश.

यात चूक काय, असं तुम्ही विचाराल. तेच तर सांगायला बसलोय.

पहिली गोष्ट मेमरीची. समजा रिपोर्ट ६० एमबीचा आहे. बाइट-अ‍ॅरे-आउटपुट-स्ट्रीम भरत आला की आपला आतला अ‍ॅरे दुप्पट करतो, म्हणजे ६० एमबीसाठी तो ६४ वर जाऊन बसतो. मग आपण टू-बाइट-अ‍ॅरे म्हणतो, तेव्हा आणखी ६० ची नवी कॉपी निघते. एका माणसाच्या एका क्लिकला सव्वाशे एमबी! महिन्याच्या सात तारखेला सकाळी दहा वाजता वीस जणांनी तेच बटन दाबलं की अडीच जीबी. आमची हीप होती दोन जीबीची. पुढचं तुम्हीच समजून घ्या. लॉगमध्ये आउट-ऑफ-मेमरी, आणि डाउनलोडशी काही संबंध नसलेल्या माणसांचं लॉगिनही बंद.

हेच काम आठ केबीचा बफर घेऊन, वाचलं तेवढं लिही, पुन्हा वाच, पुन्हा लिही, असं केलं तर वीस जणांना मिळून बफरसाठी १६० केबी लागतात. अडीच जीबी कुठे आणि १६० केबी कुठे! आणि ते लूपही आता हाताने लिहावं लागत नाही. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून, फाइल्स-कॉपी आहे. जावा ९ पासून, म्हणजे २०१७ पासून, ट्रान्स्फर-टू आहे. एका ओळीचं काम. तरी आमच्या कोडबेसमध्ये मला परवा सहा ठिकाणी बाइट अ‍ॅरे सापडले. त्यातला एक माझा होता, नाकारून उपयोग नाही, कमिटवर नाव आहे.

दुसरी गोष्ट नावाची. फाइलचं नाव होतं "मार्च महिन्याचा अहवाल". उतरली तेव्हा त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. कोणी म्हणालं, "मराठी नावं देऊच नका ना, इंग्रजीत द्या." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. माणसाने आपल्या भाषेत फाइलला नाव ठेवलं ही त्याची चूक झाली होय? हेडरमध्ये देवनागरी तशीच कोंबली तर ती बिघडणार, पण त्यावरचा उपाय लिहून ठेवलेला आहे. आरएफसी ६२६६, साल २०११. फाइलनेम या शब्दापुढे एक तारांकन टाकायचं, यूटीएफ-८ असं सांगायचं आणि नाव टक्क्यांच्या चिन्हांत एन्कोड करून द्यायचं. एकच खड्डा आहे: जावाचा यूआरएल-एन्कोडर मोकळ्या जागेचं अधिकचं चिन्ह करतो, ते टक्का-वीसने बदलावं लागतं. नाहीतर "मार्च+महिन्याचा+अहवाल" उतरतो. बस, एवढंच. स्प्रिंगमध्ये तर २०१७ पासून यासाठी तयार क्लास आहे.

तिसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या त्या सर्व्हलेटला फाइलचं नाव यूआरएलमधून येत होतं. आलेलं नाव फोल्डरच्या पाथला जोडायचं आणि उघडायचं. म्हणजे कुणी नावाच्या जागी दोन टिंबं-स्लॅश, दोन टिंबं-स्लॅश असं लिहीत वर चढत गेला तर सर्व्हरवरची कुठलीही फाइल, जी त्या प्रोसेसला वाचता येते, ती त्याला मिळणार. आणि एवढी हुशारीही नको. पगारपत्रकाच्या लिंकमध्ये १०४३ असेल तिथे १०४४ लिहायचं. शेजारच्याचा पगार हातात! माणूस लॉगिन आहे एवढंच आम्ही तपासत होतो, ही फाइल त्याची आहे का, हे कोणीच विचारत नव्हतं. ओवास्पच्या २०२१ च्या यादीत या जातीच्या चुकांचा नंबर पहिला आहे. पहिला! कारण उघड आहे. असल्या चुकीने काहीही मोडत नाही, बटन दाबलं की फाइल येते. डेमोत ती दिसतच नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो, ज्याच्यासाठी शनिवारची झोप सोडून लिहायला बसलोय.

माझा एक मावसभाऊ आहे, गावी शेती बघतो. जमिनीच्या वादासाठी त्याला जुने कागद हवे होते. एका ठिकाणी रीतसर अर्ज केला, पैसे भरले, आणि स्कॅन केलेल्या कागदांची लिंक आली. लिंक तीन दिवस चालणार. त्याने मोबाइलवर उघडली. घरात रेंज नाही, म्हणून गोठ्यामागच्या उंचवट्यावर जाऊन उभा. चाळीस एमबी उतरलं, रेंज गेली, खलास. पुन्हा पहिल्यापासून. सत्तरपर्यंत गेलं, पुन्हा तुटलं. पुन्हा शून्य. किती राहिलंय तेही दिसेना. दिवसाचा दीड जीबी डेटा असाच संपला. दुसऱ्या दिवशी तेच. त्याने मदतीच्या नंबरवर फोन केला, तर उत्तर आलं, "तुमचं नेटवर्क खराब आहे." तिसऱ्या दिवशी तो एसटीने तालुक्याला गेला, एका दुकानात बसून फाइल उतरवली, पेनड्राइव्हवर घेतली आणि संध्याकाळी परत आला. फाइल निघाली ८५ एमबीची.

रात्री त्याचा फोन. "दादा, तू कम्प्युटरवालाच ना? मग सांग ना, सिनेमा तुटला तर जिथून तुटला तिथून सुरू होतो. माझे कागद का नाही होत?"

लिंक अजून काही तास जिवंत होती. मी त्याच्याकडून मागून घेतली आणि सर्व्हर काय उत्तर देतोय ते पाहिलं. कुकीचं नाव जे-सेशन-आयडी. म्हणजे जावा. घरचाच माणूस निघाला! कंटेंट-लेंग्थ नाही, म्हणून किती राहिलंय ते ब्राउजरला दाखवता येत नव्हतं. अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस नाही. मी मुद्दाम रेंज हेडर लावून मधला तुकडा मागितला, तर २०६ ऐवजी सरळ २०० आला आणि गाडी पुन्हा पहिल्या बाइटपासून. तो कोड मी लिहिलेला नव्हता. पण मी लिहिला असता तर अगदी तसाच लिहिला असता. नव्हे, लिहिलाच होता. माझा सर्व्हलेटही हेच करत होता, फक्त आमचे वापरणारे ऑफिसच्या वायफायवर होते म्हणून कुणाला कळलं नाही.

"अमुक बाइटपासून पुढचं दे" ही सोय एचटीटीपी १.१ मध्ये १९९७ पासून आहे. जवळजवळ माझ्या वयाची आहे ती! टॉमकॅट आपल्या साध्या स्थिर फाइली देताना ती सोय आपोआप देतो. म्हणजे आपण काहीच केलं नसतं तर मावसभावाचं काम झालं असतं. आपण मध्ये आपला सर्व्हलेट घातला आणि असलेली सोय काढून घेतली. वर त्यालाच सांगितलं, नेटवर्क खराब.

माझं म्हणणं एवढंच आहे. नेटवर्क खराब असणारच. वीज जाणारच, रेंज जाणारच, एसटी घाटात शिरणारच. ते गृहीत धरून कोड लिहिणं हे आपलं काम आहे, त्याचाच आपल्याला पगार मिळतो. "नेटवर्क खराब आहे" हे आपल्या आळसाचं सगळ्यात सभ्य नाव आहे.

यावर तीन उत्तरं येतात, मला पाठ आहेत.

एक: "आता फ्रेमवर्क सगळं करतं." खरं आहे, म्हणून तर जास्त राग येतो. स्प्रिंगला फाइल-सिस्टम-रिसोर्स परत द्या, रेंज तो सांभाळतो. तुम्ही त्याला इनपुट-स्ट्रीम-रिसोर्स दिलात तर नाही सांभाळत, कारण वाहून गेलेल्या स्ट्रीममध्ये मागे जाता येत नाही. पुढे एनजिनएक्स असेल तर हक्क तपासायचं काम जावाने करायचं आणि एक्स-अ‍ॅक्सेल-रिडायरेक्ट हेडर देऊन फाइल वाहायचं काम त्याच्यावर सोपवायचं. साधनं आहेत. पण कुठलं साधन कशासाठी, हे माहीत असणारा माणूस लागतो.

दोन: "क्लायंट याचे पैसे देत नाही." क्लायंटला रेंज हेडर माहीत असायची गरज नाही. घर बांधणारा गवंड्याला "स्लॅबला उतार दे" असं वेगळं सांगतो का? पाणी साचलं तर शिव्या मात्र गवंड्यालाच पडतात.

तीन, हे नवीन आहे: "आता एआय लिहून देतो." मी विचारून पाहिलं. छान कोड दिला, फाइलचं मराठी नावसुद्धा बरोबर. पण ही फाइल मागणारा कोण आणि त्याचा हक्क काय, हे त्याने विचारलं नाही, कारण मी सांगितलं नव्हतं. पूर्वी मी गूगलवरून न समजता चिकटवत होतो, आता इथून चिकटवणार. फरक काय पडला?

तेव्हा नुसता राग काढून थांबत नाही. डाउनलोडचं तिकीट बंद करण्याआधी मी आता पाच गोष्टी करून बघतो:

१. हीप मुद्दाम लहान ठेवून हीपपेक्षा मोठी फाइल उतरवायची.
२. मराठी नावाची, मध्ये मोकळी जागा असलेली फाइल उतरवायची.
३. दुसऱ्याच्या लॉगिनने तीच लिंक उघडायची. फाइल आली तर काम झालेलं नाही.
४. नावाच्या जागी दोन टिंबं-स्लॅश टाकून बघायचं.
५. अर्ध्यात वायफाय बंद करायचं, पाच मिनिटांनी चालू करायचं. शून्यापासून सुरू झालं तर काम झालेलं नाही.

सगळ्या चाचण्या मिळून अर्धा दिवस लागत नाही. माझा तो जुना सर्व्हलेट मागच्या महिन्यात नीट केला, त्याला मात्र अडीच दिवस लागले. त्यातला एक दिवस "चालतंय ते कशाला हलवतोस" या प्रश्नाला उत्तर देण्यात गेला.

परवा पुन्हा मीटिंग झाली. जेवायच्या आधीची शेवटची पाच मिनिटं, आणि लीडने वाक्य टाकलंच. मी म्हणालो, तीन दिवस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. या वेळी ते काम यंदाच लागलेल्या एका मुलीकडे आलंय. जेवणानंतर तिच्या शेजारी जाऊन बसलो आणि आधी तिला गोठ्यामागच्या उंचवट्याची गोष्ट सांगितली. कोड नंतर उघडला.

असो. मावसभावाला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. "सर्व्हरचा प्रॉब्लेम होता" एवढंच म्हणालो. प्रॉब्लेम सर्व्हरचा नव्हता, आमचा होता, हे फोनवर सांगायची लाज वाटली. म्हणून इथे लिहिलं.