बंदूक असती तर...

"माझ्याजवळ बंदूक असती ना, तर दाखवलं असतं!" हल्ल्याची बातमी आली की आपल्यात कुणीतरी हे म्हणतंच. मला ते पटत नाही. यात भित्रेपणाचा प्रश्न नाही, शरीराचा आहे.

एनसीसीच्या फायरिंगला गेलेल्यांना ठाऊक आहे, तिथं सगळं आपल्या सोयीचं असतं. पालथं पडायचं, रायफल खांद्याला घट्ट लावायची, श्वास रोखून हळूच ट्रिगर दाबायचा. टार्गेट जागचं हलत नाही आणि उलट गोळीही झाडत नाही.

जिवावर बेतलं की मात्र रक्तात अ‍ॅड्रेनालिन उसळतं, छाती धडधडते. पळायला, झटापटीला ते उपयोगी; पण बोटांची बारीक कामं बिघडतात. हात थरथरतो, ट्रिगर खसकन ओढला जातो. नजर धोक्यावरच खिळते, बाजूला कोण उभं आहे ते दिसतच नाही.

"पण प्रॅक्टिस केली तर?" फरक पडतो, नक्कीच पडतो. तरी न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगजवळ दोन पोलिसांनी एका सशस्त्र खुन्यावर अगदी जवळून १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण रस्त्यावरची नऊ माणसं पोलिसांच्याच गोळ्यांनी नाहीतर त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. त्याच शहरात १९९९ साली चार पोलिसांनी अमादू डिआलो या तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या. १९ लागल्या आणि तो गेला. त्याच्या हातात पैशाचं पाकीट होतं, पोलिसांना ती बंदूक वाटली. म्हणजे ताणाखाली नेमच चुकतो असं नाही, समोर काय आहे हे ओळखण्यातही चूक होते.

ही सगळी ट्रेनिंग घेतलेली माणसं. मग ज्यानं आयुष्यात चार गोळ्याही झाडल्या नाहीत, त्याच्याकडून गर्दीच्या बाजारात काय होईल?

आपला कायदा स्वसंरक्षणाचा हक्क देतो, पण गरजेपुरतंच बळ वापरा असंही सांगतो. घाबरलेल्या माणसाला ते माप कसं कळावं? म्हणून मला वाटतं, धोका आधी ओळखणं, वेळीच तिथून निघणं, आरडाओरडा करणं, ११२ ला फोन लावणं हेच आपण आधी शिकावं. पळून वाचलेल्याला कुणी हसू नये. घरी आईला पोरगं धड परत आलेलं हवं असतं.