मेथी का रुसली?



गेल्या हिवाळ्यात माझ्या लेकीने घरी भाजी पिकवायचं मनावर घेतलं. ती तिसरीत. मी म्हटलं, मेथीपासून सुरुवात कर. बी मिसळणाच्या डब्यातच असतं आणि भाजी महिनाभरात तयार! तेलाचा रिकामा डबा धुऊन मी त्यात माती भरून दिली, तिने मेथीदाणे पेरले.

चौथ्या दिवशी हिरवे कोंब वर आले. मग काय, बाईसाहेबांचं कौतुक उतू चाललं. सकाळी पाणी, शाळेतून आल्यावर पाणी, झोपतानाही पाणी! आठवडाभरात रोपांनी माना टाकल्या. "तहान लागली असेल," म्हणून तिने आणखी तांब्याभर ओतलं. दुसऱ्या दिवशी सगळी रोपं आडवी! ती मुसमुसायला लागली आणि मी वर तिलाच रागावले, "एवढं पाणी घालतात का गं?"

मग डबा उपडा केला. आत नुसता चिखल आणि कुबट वास. डब्याच्या तळाला एकही भोक नव्हतं! आणि डबा तर मीच दिला होता.

मुळांनाही हवा लागते, बरं का. मातीत पाणी साचून राहिलं की हवेला जागाच उरत नाही. मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात बुडालेलं रोपही तहानलेल्यासारखंच मान टाकतं.

मी लेकीला म्हटलं, "चूक माझी." तिने डोळे पुसले. "पुन्हा पेरूया?"

तुम्हीही पेरून पाहा. ६ इंच खोल डबा किंवा कुंडी घ्या. तळाला ४-५ भोकं मोठ्यांकडून पाडून घ्या. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत भरा. रात्रभर भिजवलेले मेथीदाणे पेरून वर अर्धं पेर माती पसरा. ४-५ तास ऊन येईल तिथे ठेवा. कोंब येईपर्यंत माती हलकी ओली ठेवा. नंतर मात्र पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायचं. पेरभर खाली ओल लागली, तर आज पाण्याला सुट्टी!

आमची दुसरी मेथी सत्ताविसाव्या दिवशी निघाली. जुडी एवढीशीच. पण एरवी ताटात मेथी बाजूला सारणारी लेक त्या दिवशी म्हणाली, "आई, अजून वाढ."

मग, तुमच्या डब्याला भोक आहे ना? आधी बघून या! आणि पालकहो, रोपं आडवी झाली तर मुलांना रागावण्याआधी डबा उपडा करून पाहा.

तुमच्या बाई